गाठ काढल्यावरचा प्रश्न

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया नीट पार पडली, की काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येतो. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली होती, काढलेल्या लिम्फ नोडपैकी किती नोडमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या, कापलेल्या कडा मोकळ्या आहेत की नाहीत, हे सगळं त्यात असतं. त्यावरून स्टेज ठरते. पहिली स्टेज असेल तर शस्त्रक्रियेवर भागतं. तिसरी असेल, म्हणजे रोग नोडपर्यंत पोचला असेल, तर केमोथेरपी द्यायची हे जवळपास ठरलेलं असतं. पंचाईत होते ती दुसऱ्या स्टेजला. नोड स्वच्छ असतात, पण गाठ भिंतीच्या स्नायूंपलीकडे गेलेली असते. अशा रुग्णांपैकी चारांतले तीन किंवा त्याहून जास्त जण नुसत्या शस्त्रक्रियेने बरे होतात. उरलेल्यांचा रोग परततो. कधी यकृतात, कधी फुप्फुसात, कधी पोटाच्या अस्तरावर. आणि कोणाचा परतणार हे मायक्रोस्कोपखाली धड दिसत नाही.

मग सगळ्यांनाच केमो का देऊ नये? हा प्रश्न ब्रिटनमध्ये ‘क्वेसार’ नावाच्या मोठ्या चाचणीने तपासला. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. ३,२३९ रुग्ण होते आणि त्यांतले बहुतेक दुसऱ्या स्टेजचे. केमोमुळे जगण्याच्या प्रमाणात पडलेला फरक होता सुमारे ३.६ टक्के. म्हणजे शंभर जणांना औषध दिलं तर त्यामुळे तीन-चार जण वाचतात. बाकीच्यांपैकी बहुतेकांना औषधाची गरजच नव्हती, आणि काहींना ते देऊनही उपयोग झाला नाही. मळमळ, जुलाब, तोंड येणं, पांढऱ्या पेशी उतरणं मात्र शंभरांतल्या कोणाच्याही वाट्याला येऊ शकतं. ऑक्झालिप्लॅटिन हे औषध जोडलं तर हातापायांना येणाऱ्या मुंग्या काहींना वर्षानुवर्षं सोडत नाहीत.

हे तीन-चार जण आधीच ओळखता आले तर? पचनसंस्थेच्या कॅन्सरमध्ये गेली पंधरा-वीस वर्षं नॉन-कोडिंग आरएनएवर जे प्रचंड संशोधन झालं, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

पुढे जाण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत त्यांची हमखास सरमिसळ होते. कॅन्सर आहे की नाही हे सांगणारी खूण निदानासाठी. असलेला कॅन्सर पुढे किती आक्रमक वागेल हे सांगणारी खूण म्हणजे प्रॉग्नॉस्टिक मार्कर. आणि अमुक औषधाला तो दाद देईल का, हे सांगणारी खूण तिसरी; तिला प्रेडिक्टिव्ह मार्कर म्हणतात. रुग्णाचा मुलगा डॉक्टरांच्या खोलीबाहेर गाठून ‘साहेब, पुढे काय?’ असं विचारतो तेव्हा त्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. डॉक्टरांना मात्र तिसरा प्रश्न जास्त छळत असतो, कारण प्रिस्क्रिप्शन त्यावर ठरतं. एकच रेणू या दोन प्रश्नांना अगदी उलटी उत्तरं देऊ शकतो. त्याचं एक सुरेख उदाहरण पुढे येईल.

पचनसंस्थेच्या सगळ्या कॅन्सरमध्ये प्रॉग्नोसिसची गरज सारखी नसते. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार त्या वर्षी मोठं आतडं आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले, जठराचे सुमारे ९ लाख ७० हजार, यकृताचे ८ लाख ६५ हजारांच्या घरात, अन्ननलिका आणि स्वादुपिंडाचे प्रत्येकी सुमारे ५ लाख १० हजार. स्वादुपिंडाच्या कॅन्सरने त्याच वर्षी ४ लाख ६७ हजार मृत्यू झाले. नव्या रुग्णांचा आणि मृत्यूंचा आकडा इतका जवळ असतो तेव्हा भाकिताला फारसं काम उरत नाही. तिथे रोग लवकर सापडणं आणि चांगलं औषध मिळणं, याचीच निकड असते. भाकिताची खरी किंमत आहे ती जिथे एकाच स्टेजच्या दोन रुग्णांच्या वाटा वेगळ्या होतात तिथे. म्हणून या प्रकरणात मी आतडं आणि यकृतापाशी जास्त रेंगाळणार आहे.

आता आरएनए. शाळेत आपण शिकलो ते असं: डीएनएमध्ये माहिती साठवलेली, तिची प्रत म्हणजे संदेशवाहक आरएनए, आणि त्यावरून पेशी प्रथिन बनवते. हे खरं आहे, पण अपुरं आहे. माणसाच्या डीएनएपैकी प्रथिनांची थेट माहिती असलेला भाग जेमतेम दीड-दोन टक्के. प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे वीस हजार. उरलेल्या डीएनएच्याही मोठ्या भागाच्या आरएनए प्रती पेशी बनवत असते आणि त्यांपासून प्रथिन तयार होत नाही. हाच नॉन-कोडिंग आरएनए. त्यातला कितीतरी भाग निव्वळ गोंगाट असावा, असं म्हणणारे गंभीर शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण काही रेणू निश्चितपणे काम करतात, आणि ते काम असतं इतर जनुकांवर लगाम ठेवण्याचं किंवा तो सैल सोडण्याचं.

त्यांतले सगळ्यात छोटे म्हणजे मायक्रोआरएनए, साधारण २२ अक्षरांचे. पहिला सापडला १९९३ मध्ये, एका मिलिमीटर लांबीच्या कृमीत. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी ‘सेल’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध छापले. लिन-४ या जनुकाचं अंतिम उत्पादन प्रथिन नसून एक चिमुकला आरएनए आहे, आणि तो दुसऱ्या एका संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याचं प्रथिन बनणं रोखतो, असं त्यांनी दाखवलं. सात वर्षं हा प्रकार कृमींपुरताच आहे असं समजलं गेलं. २००० मध्ये रुव्हकुन यांच्या गटाला लेट-७ सापडला. तो माशांपासून माणसापर्यंत सगळ्यांत होता, आणि मग मात्र जगभरच्या प्रयोगशाळा या शोधाकडे वळल्या. अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना त्यासाठी २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. २००२ मध्येच जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांनी रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये मिर-१५ आणि मिर-१६ या दोन मायक्रोआरएनएंची जनुकं गळालेली असतात हे दाखवलं होतं. कॅन्सरशी या रेणूंचं नातं तिथून जुळलं.

डॉक्टरांना मायक्रोआरएनए आवडण्याचं कारण मात्र अगदी व्यवहारी आहे: ते टिकतात. शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मेणात बसवतात. मुंबईत टाटाला पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ असं सांगतात, तो हा ब्लॉक. फॉर्मॅलिनमध्ये लांब संदेशवाहक आरएनएचे तुकडे तुकडे होतात. २२ अक्षरांच्या रेणूचे आणखी किती तुकडे होणार? दहा-पंधरा वर्षं कपाटात पडलेल्या ब्लॉकमधूनही मायक्रोआरएनए मोजता येतो. म्हणजे ज्या रुग्णांचं पुढे काय झालं हे आज ठाऊक आहे, त्यांच्या जुन्या गाठी काढून तपासता येतात. प्रॉग्नोसिसच्या अभ्यासाला याहून सोयीचं काय असणार?

या संशोधनातला सगळ्यात गाजलेला रेणू म्हणजे मिर-२१. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत कर्टिस हॅरिस यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी आणि शेजारचं निरोगी आतडं यांची तुलना केली. आधी मेरीलँडमधल्या ८४ रुग्णांवर काम केलं आणि जे दिसलं ते हाँगकाँगच्या ११३ रुग्णांवर पुन्हा तपासलं. ३७ मायक्रोआरएनएंचं प्रमाण गाठीत बदललेलं होतं. त्यांत मिर-२१ उठून दिसला. ज्यांच्या गाठीत तो जास्त, त्यांना मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट. आणि हे दोन्ही गटांत, स्टेज हिशेबात धरूनही. केमो घेतलेल्या रुग्णांतही मिर-२१ जास्त असलेल्यांना तिचा लाभ कमी झालेला दिसला. २००८ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या ‘जामा’ या नियतकालिकात हा अभ्यास आला.

मिर-२१ असं करतो तरी काय? पेशीची वाढ रोखणारी जी प्रथिनं असतात, त्यांतल्या पीटेन आणि पीडीसीडी-४ यांच्या संदेशवाहक आरएनएला तो चिकटतो आणि ती प्रथिनं कमी पडतात. पेशी मरायला तयार होत नाही, शेजारच्या ऊतीत घुसते. कार्यकारणाची ही साखळी प्रयोगशाळेत बऱ्यापैकी पक्की आहे. अडीच पट धोका, दोन खंडांतले रुग्ण, पटणारी यंत्रणा. एवढं हाताशी असताना पाच वर्षांत मिर-२१ प्रत्येक रिपोर्टवर यायला हवा होता.

तो आला नाही. का आला नाही, ते समजून घेण्यात या विषयाचं सगळं सार आहे.

पहिली अडचण डेन्मार्कमध्ये लक्षात आली. तिथल्या संशोधकांनी गाठ दळून आरएनए काढण्याऐवजी पातळ काप घेऊन मिर-२१ नेमका कुठे आहे ते रंगवून पाहिलं. तो प्रामुख्याने कॅन्सरच्या पेशींत नव्हताच. त्यांच्याभोवतीच्या आधार-ऊतीत, फायब्रोब्लास्ट पेशींत होता. अख्खी गाठ दळून मोजमाप करणं म्हणजे मिसळीचा एक घास खाऊन मटकी खारट झाली की कट, हे सांगायला बसण्यासारखं आहे. आधार-ऊतीतला मिर-२१ दुसऱ्या स्टेजच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये रोग परतण्याशी जोडलेला दिसला खरा, पण गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये तसं दिसलं नाही. पुढे तिथेच मोठ्या लोकसंख्येवर अभ्यास झाला तेव्हाही संबंध टिकला, पण तो माफक होता. माफक संबंधाने शास्त्रज्ञाचं समाधान होतं. समोर बसलेल्या एका माणसाला केमो द्यायची की नाही, हे त्यावर ठरवता येत नाही.

याहून मोठा धक्का गोल आरएनएने दिला. नेहमीच्या आरएनएला दोन टोकं असतात आणि पेशीतली विकरं टोकापासून त्याला कुरतडत जातात. गोल आरएनएला टोकच नसतं, त्यामुळे तो खूप टिकतो. २०१३ मध्ये सीआयआरएस-७ नावाच्या गोल आरएनएवर मिर-७ या मायक्रोआरएनएला चिकटायला सत्तरच्या आसपास जागा आहेत असं दिसलं. मिर-७ कॅन्सरला रोखणारा. तेव्हा सीआयआरएस-७ त्याला शोषून घेतो आणि कॅन्सरला रान मोकळं करून देतो, अशी कल्पना मांडली गेली. आतड्याच्या कॅन्सरमध्ये त्याचं जास्त प्रमाण आणि वाईट प्रॉग्नोसिस यांची सांगडही घातली गेली. त्यावर निबंधामागून निबंध आले. मग २०२० मध्ये डेन्मार्कमधल्याच आर्हुसच्या संशोधकांनी आतड्याच्या गाठींचे काप तपासले, तर कॅन्सरच्या पेशींत सीआयआरएस-७ मुळी नव्हताच. तो होता सगळा आजूबाजूच्या ऊतीत. जो रेणू कॅन्सरच्या पेशीत नाही तो तिथला मिर-७ शोषणार कसा? मार्कर म्हणून तो काही सांगत असेलही, उदाहरणार्थ गाठीत आधार-ऊती किती आहे हे. पण सांगितली गेलेली गोष्ट चुकीची होती. माझ्या मते या संपूर्ण क्षेत्रात गेल्या दहा वर्षांत झालेलं सगळ्यात उपयोगी काम हेच आहे, आणि ते नवा मार्कर शोधण्याचं काम नव्हतं.

आता यकृताकडे वळू, कारण मघाशी म्हटलेलं सुरेख उदाहरण तिथलं आहे. शांघाय आणि हाँगकाँगच्या रुग्णालयांत १९९९ ते २००३ या काळात यकृताच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या ४५५ रुग्णांच्या गाठी अमेरिकन आणि चिनी संशोधकांनी मिळून तपासल्या. चीनमध्ये हा कॅन्सर बहुतांशी हिपॅटायटिस बीच्या जुन्या संसर्गातून येतो आणि पुरुषांत बराच जास्त असतो. निरोगी यकृताच्या ऊतीत मिर-२६ हा मायक्रोआरएनए स्त्रियांमध्ये जास्त आढळला, आणि गाठींत तो बऱ्याचदा उतरलेला होता. ज्यांच्या गाठीत मिर-२६ कमी, ते कमी जगले. इथपर्यंत हा सरळ प्रॉग्नॉस्टिक मार्कर. पण या रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेनंतर इंटरफेरॉन देऊन पाहिलेलं होतं. इंटरफेरॉनचा फायदा झाला तो नेमका मिर-२६ कमी असलेल्यांना. ज्यांचं भाकीत वाईट, त्यांनाच औषध लागू पडलं. ज्यांचं चांगलं, त्यांना त्याचा उपयोग नव्हता. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे आलं तेव्हा त्याचं कौतुक झालं ते याचसाठी. नुसतं ‘तुमचं अवघड आहे’ सांगणारी चाचणी कोणाला हवी असते? ‘अवघड आहे, पण हे औषध तुम्हाला चालेल’ असं सांगणारी चाचणी हवी असते. यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर इंटरफेरॉन देणं पुढे सर्वमान्य उपचार झालं नाही, आणि मिर-२६ ची चाचणीही त्याबरोबर मागे राहिली. मार्करचं नशीब बहुतेकदा असं औषधाला बांधलेलं असतं.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये याच धर्तीची एक चाचणी क्लिनिकच्या उंबरठ्यापर्यंत आली. पसरलेल्या कॅन्सरमध्ये, रास जनुकात बिघाड नसेल तर, केमोबरोबर सेटुक्सिमॅब द्यायचं की बेव्हासिझुमॅब, असा प्रश्न येतो. जर्मनीतल्या ‘फायर-३’ या चाचणीतल्या रुग्णांच्या मेणातल्या ब्लॉकवर मिर-३१-३पी मोजला गेला. तो कमी असलेल्यांना सेटुक्सिमॅबचा फायदा स्पष्ट दिसला, जास्त असलेल्यांना दिसला नाही. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तरीही रोजच्या वापरात ते रुजलं नाही, कारण तोवर गाठ आतड्याच्या उजव्या बाजूला आहे की डाव्या, एवढ्यावरूनच डॉक्टर तोच निर्णय बऱ्यापैकी घेऊ लागले होते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

लांब नॉन-कोडिंग आरएनएची, म्हणजे दोनशेहून अधिक अक्षरांच्या रेणूंची, यादी तर मारुतीच्या शेपटासारखी वाढत गेली. माणसात अशा जनुकांची संख्या प्रथिनांच्या जनुकांहून कमी नाही. त्यांतले तीन-चार सांगतो, बाकीचे सोडून देतो.

हॉटेअर हा साधारण २,२०० अक्षरांचा रेणू. तो बाराव्या गुणसूत्रावर बनतो आणि दुसऱ्या गुणसूत्रावरची जनुकं बंद करतो, असं हॉवर्ड चँग आणि जॉन रिन यांच्या गटाने २००७ मध्ये मांडलं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो रोग पसरण्याशी जोडला गेला. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरमध्ये यकृतात पसरण्याशी त्याचा संबंध दाखवला. पुढे अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड, जिथे शोधला तिथे तो वाईट भाकिताची खूण ठरला. दरम्यान, हा रेणू जनुकं बंद कशी करतो याविषयीची मूळ कल्पना मात्र डळमळली. ज्या प्रथिनसमूहाच्या मदतीने तो हे करतो असं मानलं होतं, त्याच्याविनाही ते घडतं असं २०१७ मध्ये दिसलं.

ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये २००७ मध्ये सापडलेला हल्क यकृताच्या कॅन्सरमध्ये खूप वाढतो आणि रुग्णांच्या रक्तातही मिळतो, म्हणून त्यावर आशा होती. २०१३ मध्ये वर्णन झालेला सीकॅट-२ वेगळ्या कारणाने लक्षात राहतो: आठव्या गुणसूत्रावरच्या ज्या जागेतल्या एका अक्षराच्या फरकाने आतड्याच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, हे आधीच माहीत होतं, त्याच जागेतून हा आरएनए बनतो.

आणि मॅलॅट-१. जर्मनीत म्युन्स्टरच्या संशोधकांना २००३ मध्ये तो फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सापडला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या कोणत्या गाठी पुढे पसरणार, हे त्याच्या प्रमाणावरून कळतं असं दिसलं आणि नावातच ‘मेटास्टॅसिस’ शब्द बसला. आतडं, जठर, यकृत, स्वादुपिंड सगळीकडे तो वाईट खूण म्हणून नोंदला गेला. मग २०१२ मध्ये उंदरांतून हे जनुक काढून टाकलं, तर उंदीर मजेत जगले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने स्तनाच्या कॅन्सरमध्ये मॅलॅट-१ उलट रोग पसरण्याला आळा घालतो असं दाखवलं. म्हणजे खूण आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आग लागलेल्या घरावर धूर दिसतोच, पण धुराने आग लागत नसते.

इतके रेणू, इतक्या अवयवांत, आणि सगळेच ‘लक्षणीय’. एवढं चांगलं असणं संशयास्पद नाही का? ग्रीसमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये कॅन्सरच्या प्रॉग्नॉस्टिक मार्करवरचे दीड हजारांहून अधिक निबंध चाळले, तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त निबंधांनी आपला मार्कर यशस्वी असल्याचं सांगितलं होतं. निसर्ग इतका उदार नसतो. हे होतं कसं, ते समजायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. समजा साठ रुग्णांच्या गाठीत एखादा रेणू मोजला. ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांतली रेषा कुठे आखायची? मध्यावर आखून फरक दिसला नाही, तर वरच्या चतुर्थांशावर आखून पाहायची. तिथेही नाही, तर संगणकालाच विचारायचं की कुठे आखली तर फरक सगळ्यात मोठा दिसेल. वाचलेल्यांचे आणि दगावलेल्यांचे दोन आलेख मग छान दूर जातात. इंग्लंडमधले संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन यांनी १९९४ मध्येच या खोडीचे धोके मोजून दाखवले होते. २००५ मध्ये ‘रिमार्क’ नावाची नियमावली आली: रुग्ण कसे निवडले, रेषा आधी ठरवली की नंतर, किती रुग्ण हिशेबातून गळले, हे सगळं निबंधात लिहा. नियमावली आली, पाळणारे थोडेच.

रक्तातल्या चाचण्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. २००८ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका गटाने मायक्रोआरएनए रक्तद्रवातही टिकून राहतात असं दाखवलं आणि बायोप्सीविना, नुसत्या रक्तावर कॅन्सर ओळखायची स्वप्नं पडू लागली. २०१२ मध्ये सिअ‍ॅटलहूनच इशाराही आला. तोवर रक्तातले मार्कर म्हणून जाहीर झालेल्या ७९ मायक्रोआरएनएंपैकी ४६ रक्तपेशींतच भरपूर असतात. रक्त काढताना सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलली, नमुना उन्हाळ्यात दोन तास बाहेर राहिला, की तांबड्या पेशी फुटतात आणि आतला मिर-४५१ आणि मिर-१६ रक्तद्रवात सांडतो. आणि काही अभ्यासांत हाच मिर-१६ तुलनेचं माप म्हणून वापरलेला आहे! मापच हललं तर मोजमापाचं काय होणार, हे सांगायला नको.

त्याहून वाईट प्रकार आता उघडकीला आला आहे. सिडनी विद्यापीठातल्या जेनिफर बर्न या कॅन्सर-संशोधक गेली काही वर्षं निबंधांत छापलेले आरएनएचे अक्षरक्रम तपासतात. अमुक जनुकासाठी वापरला असं लिहिलेला अक्षरक्रम प्रत्यक्षात दुसऱ्याच जनुकाचा किंवा कोणाचाच नाही, असं त्यांना पुन्हा पुन्हा आढळलं. म्हणजे तो प्रयोग लिहिल्याप्रमाणे झालेलाच असू शकत नाही. यांतले अनेक निबंध पैसे घेऊन संशोधन ‘तयार करून देणाऱ्या’ कारखान्यांतून आले असावेत असा संशय आहे. फारसे अभ्यासले न गेलेले नॉन-कोडिंग आरएनए अशा लोकांच्या सोयीचे: नाव नवं, तपासणारा कोणी नाही, आणि ‘अमुक आरएनए तमुक मायक्रोआरएनएला शोषतो आणि जठराचा कॅन्सर वाढवतो’ हे वाक्य रेणूंची नावं बदलून कितीही वेळा लिहिता येतं. २०२३ या एका वर्षात हिंदावी या प्रकाशनसंस्थेला आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. ते सगळे या विषयाचे नव्हते, पण रोग किती पसरला आहे ते त्यावरून कळतं. कोणत्याही मार्करवर वीस निबंध एकत्र करून काढलेली सरासरी वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं. वीस कच्च्या विटांची भिंतही कच्चीच.

भारतीय वाचकासाठी आणखी एक मुद्दा. यकृत, जठर आणि अन्ननलिकेच्या मार्करवरचा बराचसा अभ्यास चीन आणि जपानमध्ये झाला आहे. आपल्याकडचा रोग अगदी तसा नसतो. मिझोराममध्ये जठराचा कॅन्सर देशात सर्वाधिक, मेघालयात अन्ननलिकेचा, गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, पण तो तरुण वयात दिसतो आणि त्यात सिग्नेट रिंग हा आक्रमक प्रकार जास्त असतो, असं टाटा मेमोरियलच्या नोंदींतून दिसलं आहे. हाँगकाँगच्या रुग्णांवर आखलेली ‘जास्त’ आणि ‘कमी’ची रेषा सोलापूरच्या रुग्णाला तशीच लावता येईल, असं गृहीत धरायला काही आधार नाही. आपले ब्लॉक आपल्याच प्रयोगशाळांत तपासून ती रेषा नव्याने आखावी लागेल.

आणि जग तोवर थांबलेलं नाही. दुसऱ्या स्टेजच्या ज्या प्रश्नासाठी मिर-२१ पुढे आला, त्याचं उत्तर आज वेगळ्याच बाजूने मिळतं आहे. गाठीतली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली आहे का, ही एमएमआर किंवा एमएसआय तपासणी त्याच मेणातल्या ब्लॉकवर होते. ती बिघडलेली असेल तर दुसऱ्या स्टेजला प्रॉग्नोसिस चांगलं असतं आणि फ्लुरोयुरॅसिल हे केमोचं औषध एकट्याने देण्यात लाभ नसतो. दुसरी वाट रक्तातल्या ट्यूमर डीएनएची. ऑस्ट्रेलियातल्या ‘डायनॅमिक’ चाचणीत दुसऱ्या स्टेजचे ४५५ रुग्ण होते. एका गटात शस्त्रक्रियेनंतर रक्तात ट्यूमर डीएनए सापडला तरच केमो दिली, दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीने ठरवलं. पहिल्या गटात १५ टक्के रुग्णांना केमो द्यावी लागली, दुसऱ्यात २८ टक्के. दोन वर्षांनी रोग न परतलेल्यांचं प्रमाण मात्र सारखंच, ९३.५ आणि ९२.४ टक्के. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीचं मोठेपण धोका किती पट आहे हे सांगण्यात नाही. मार्कर बघून निर्णय घेतला तर रुग्णाचं काय होतं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून पाहिलं, यात आहे. पचनसंस्थेच्या कॅन्सरमध्ये नॉन-कोडिंग आरएनए बघून केमो ठरवणारी एकही तपासणी अजून या कसोटीला उतरून रोजच्या वापरात आलेली नाही.

ती कधीच येणार नाही असं मला वाटत नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पीसीए-३ या लांब नॉन-कोडिंग आरएनएची लघवीतली चाचणी २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, ती निदानाच्या मदतीसाठी. रेणू चांगले आहेत. त्यांच्यावर झालेलं काम घाईचं होतं. एखाद्या पेशीतला आरएनए त्याच्या जागेसकट मोजण्याची तंत्रं आता हाती आली आहेत, त्यामुळे मिसळ न करता मोजता येईल.

तोपर्यंत वाचकाने एवढं करावं. घरात कोणाची गाठ काढली असेल तर पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट जपून ठेवा, आणि ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहेत, ते किती वर्षं ठेवतात, हे लिहून घ्या. आतड्याचा कॅन्सर असेल तर एमएमआर तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. आणि कोणी मायक्रोआरएनएचं महागडं पॅनेल सुचवलं, तर पैसे भरण्याआधी एकच विचारा: रिपोर्ट असा आला काय आणि तसा आला काय, उपचारांत काय बदलणार आहे? उत्तर ‘काही नाही’ असं असेल, तर ते पैसे सकस आहारावर आणि तपासणीच्या फेऱ्यांवर खर्च करा.